उजेड सहन होत नाही, रिपोर्ट मात्र ‘नॉर्मल’

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी, रोज स्कूटरवरून जाणं-येणं. चार महिन्यांपासून उजेड सहन होत नाही. ऑफिसमधले दिवे खुपतात, दुपारच्या उन्हात डोळे उघडे ठेवता येत नाहीत, रात्री समोरच्या गाडीचा लाइट आला की क्षणभर काहीच दिसत नाही. आधी चष्म्याच्या दुकानात आणि मग एका डॉक्टरांकडे तपासणी झाली. ‘नंबर अगदी किरकोळ आहे, डोळे नॉर्मल आहेत’ असं सांगण्यात आलं. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊन झाला, बी-१२ची इंजेक्शनं झाली, आणि आता घरातसुद्धा गॉगल लावून बसावं लागतं. जाता जाता बाईंनी हेही लिहिलंय की लहानपणापासून ‘पित्ताचा त्रास’ आहे. शेवटी विचारलंय एवढंच: माझे डोळे कमजोर झालेत का, आणि कोणत्या व्हिटॅमिनची कमतरता असेल?

मी उसाच्या पट्ट्यातल्या एका गावात डोळ्यांचा दवाखाना चालवतो. उजेड सहन होत नाही ही तक्रार माझ्याकडे जवळजवळ रोज येते. कधी शेतकऱ्याची, कधी वेल्डरची, कधी कडेवरच्या बाळाची, आणि अलीकडे तुमच्यासारख्या संगणकावर बसणाऱ्यांची. तक्रार तीच, कारणं मात्र पूर्ण वेगळी. म्हणून ‘डोळे कमजोर झालेत का’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं देऊन मी तो बाजूला ठेवतो. खरा प्रश्न असा आहे की उजेड पडल्यावर होणारा हा त्रास नेमका कुठे तयार होतोय. डोळ्याच्या पृष्ठभागावर, डोळ्याच्या आत, की डोळ्याच्या मागे मेंदूत? डोळा प्रत्यक्ष न बघता मी निदान करणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगता येईल. तुमच्या वर्णनात बऱ्याच खुणा आहेतच.

सगळ्यात आधी एक गोष्ट. पेशंट ‘उजेड सहन होत नाही’ म्हणतो तेव्हा मी विचारतो, दिपतं, खुपतं की दुखतं? दिपणं म्हणजे समोरचं पुसलं जातं, दिव्याभोवती किरणं फुटतात, पण वेदना नसते. तो बहुतेकदा डोळ्यातल्या किंवा डोळ्यासमोरच्या काचेचा मामला असतो. खुपणं म्हणजे डोळ्यात कचरा गेल्यासारखं होतं, चुरचुरतं, पाणी येतं. हे पृष्ठभागाचं. आणि दुखणं म्हणजे डोळ्याच्या खोलात किंवा भुवईच्या मागे ठणका लागतो, डोळा मिटूनच घ्यावासा वाटतो. हे डोळ्याच्या आतलं तरी असतं किंवा डोकेदुखीचं तरी. तुमच्या प्रश्नात तिन्ही आहेत. ऑफिसमधलं खुपणं, दुपारचं डोळे मिटून घेणं आणि रात्रीचं दिपणं. या तिन्हींना एकच कारण शोधायला गेलं की माणूस चक्रावतो. माझ्या मते तुमच्याकडे एकापेक्षा जास्त कारणं एकावर एक बसलेली आहेत.

आता उजेडाने वेदना का व्हावी, हे. प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर पडतो, तिथून दृष्टीच्या नसेतून मेंदूकडे जातो आणि आपल्याला दिसतं. पण दृष्टीची नस वेदना वाहून नेत नाही. वेदना सांगण्याचं काम ट्रायजेमिनल नावाच्या दुसऱ्याच नसेचं आहे. दात, कपाळ, नाक, बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, आणि मेंदूभोवतीची आवरणं, या सगळ्यांची संवेदना हीच नस वाहते. या नसेची कुठलीही फांदी आधीपासून चिडलेली असेल तर साधा, रोजचा उजेडही वेदना होऊन पोचतो. म्हणजे उजेड बहुतेक वेळा तोच असतो, आधीच चिडलेली नस त्याला वेगळा प्रतिसाद देत असते. दिवे बदलून, पडदे लावून, चष्मे बदलून लोकांना बरं वाटत नाही ते यामुळे.

कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत दाट मज्जातंतू असलेल्या भागांपैकी एक आहे. त्यावर साधा ओरखडा उठला तरी माणूस अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो. आमच्या भागात ऊसतोडणीच्या काळात हे सारखं दिसतं. उसाचं पातं डोळ्याला लागतं, दोन दिवस काहीच वाटत नाही, मग डोळा लाल होतो, पाणी गळायला लागतं, उजेड नको होतो. पात्यावरची बुरशी त्या ओरखड्यात रुजलेली असते. अशा वेळी मेडिकलमधून ‘लाली घालवणारा’ स्टिरॉइडचा ड्रॉप आणून घातला की दोन दिवस बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. नंतर बुबुळावर फूल पडतं आणि नजर जाते ती जातेच. हा तुमचा प्रश्न नाही, मला कल्पना आहे. पण हे उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणाला एकाच डोळ्याला उजेड सहन होत नसेल, डोळा लाल असेल आणि दिसायला कमी आलं असेल, तर वाचन इथेच थांबवा आणि आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांनी तर लेन्स काढून डबीत घालून सोबत न्यावी, तिच्यावरूनही जंतू शोधता येतात.

वेल्डिंग करणाऱ्यांचं जरा निराळं. दिवसभर काच न लावता काम करतात, संध्याकाळी घरी जेवेपर्यंत ठीक असतात आणि मध्यरात्री डोळ्यात मिरची घातल्यासारखे ओरडत उठतात. अतिनील किरणांनी कॉर्नियाचा वरचा थर भाजतो, पण त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास लागतात, म्हणून दुपारच्या कामाशी त्याचा संबंध त्यांच्या लक्षातच येत नाही. हे एक-दोन दिवसांत भरून येतं. मात्र डोळा बधिर करणारा ड्रॉप कुणाकडून मिळवून घरी घालत राहू नये. त्याने जखम भरायचीच थांबते.

डोळ्याच्या आतलं मुख्य कारण म्हणजे युव्हायटिस, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला आणि त्यामागच्या स्नायूला आलेली सूज. उजेडात बाहुली आकुंचन पावते. सुजलेला स्नायू प्रत्येक वेळी आवळला गेला की दुखतो. याची ओळखीची खूण अशी: दुखरा डोळा तळहाताने झाकून फक्त चांगल्या डोळ्यावर बॅटरी मारली, तरी झाकलेला डोळा दुखतो. कारण एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही बाहुल्या एकदमच लहान होतात. यात पेशंटला मी डोळ्यांशी अजिबात संबंध नसलेले प्रश्न विचारतो. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते का आणि हालचाल केल्यावर मोकळी होते का, तोंडात वारंवार फोड येतात का, घरात कुणाला टीबी झाला होता का. एचएलए-बी२७ या जनुकाशी जोडलेला पाठीच्या मणक्यांचा आजार अनेकदा पहिल्यांदा डोळ्यातच पकडला जातो. चार महिन्यांत डोळे लाल झाल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे तुमच्या बाबतीत हे मी मागे ठेवीन.

डोळ्यापलीकडची एक आणीबाणीही इथेच सांगतो. ताप, प्रचंड डोकेदुखी, मान वाकवता न येणं आणि उजेड नकोसा होणं हे एकत्र आलं, किंवा आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात सुरू झाली, तर डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ घालवू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा. ते मेंदूच्या आवरणांचं दुखणं असू शकतं.

आता तुमच्याकडे येतो.

ऑफिसात खुपतं, संध्याकाळी वाढतं, एसीखाली जास्त होतं आणि स्कूटरवर वारा लागला की डोळ्यांतून पाणी येतं, असं असेल तर माझा पहिला संशय कोरड्या डोळ्यांवर आहे. ‘पाणी येतंय आणि तुम्ही कोरडे म्हणता?’ असं मला रोज कुणीतरी ऐकवतं. अश्रूंचा रोजचा थर वेगळा आणि डोळा चिडल्यावर येणारा लोंढा वेगळा. रोजच्या थरावर पापण्यांच्या कडेतल्या बारीक ग्रंथींमधून येणारा तेलाचा पातळ पदर असतो. तो धड नसला तर खालचं पाणी वाळतं, कॉर्निया उघडा पडतो, नस चिडते आणि मग डोळा भसाभस पाणी सोडतो. ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्याला त्याचा उपयोग नसतो.

आपण साधारणपणे मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे एकटक बघताना हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येतं, आणि त्यातल्या बऱ्याच उघडझापी अर्धवट असतात. दिवसाचे आठ-नऊ तास हे चाललं की संध्याकाळी ट्यूबलाइटसुद्धा टोचते. तरीही तक्त्यावरची शेवटची ओळ तुम्ही वाचता, कारण पापणी मिटून उघडल्यावर पुढचे काही सेकंद थर नीट असतो आणि तेवढ्यात अक्षरं वाचून होतात. ‘नॉर्मल’ हा शेरा इथूनच येतो. नंबर नॉर्मल असणं आणि डोळा नॉर्मल असणं यांत फरक आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही चुकीचं सांगितलं असं मी म्हणत नाही. त्यांनी जे तपासलं ते नॉर्मल होतं.

कोरडेपणा तपासायची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे. फ्लुरेसिन या रंगद्रव्याची पट्टी पापणीच्या आत टेकवतात, निळ्या उजेडात स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर बघतात आणि पापणी न मिटता थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत फाटला तर तो कमी धरतात. शिवाय कॉर्नियावर जिथे जिथे बारीक टोचे पडलेत तिथे हिरवे ठिपके दिसतात. पापण्यांच्या कडा बोटाने दाबून तेल कसं बाहेर येतं तेही बघायचं असतं. खोबरेल तेलासारखं पातळ आलं तर ठीक, टूथपेस्टसारखं घट्ट आलं तर ग्रंथी तुंबल्या आहेत.

उपचारही साधेच आहेत, फक्त चिकाटी लागते. गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल पाच ते दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा, मग कडा हलक्या हाताने चोळायच्या. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून तीन-चार वेळा. त्याहून जास्त लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्यावेत, कारण ते रसायन स्वतःच पृष्ठभागाला त्रास देतं. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवली की पापण्यांची फट लहान राहते. एसीचा झोत तोंडावर नको. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली. डोळे पांढरे करणारे ड्रॉप्स पूर्ण बंद करा, ते नुसत्या रक्तवाहिन्या आवळतात आणि सवय लावतात. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल यांविषयी विचारलं जातं म्हणून सांगतो: पोटात काय घ्यायचं ते घ्या, डोळ्यात नको. बाटलीवर ‘शुद्ध’ लिहिलं म्हणून ते निर्जंतुक होत नाही.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, सर्दीसाठी ॲलर्जीच्या गोळ्या, झोपेसाठी किंवा डोकेदुखीसाठी ॲमिट्रिप्टिलीन, यांपैकी काही चालू आहे का तेही बघा. ही सगळी डोळे कोरडे करतात. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसिक शस्त्रक्रियेनंतर काही महिने असंच होतं. आणि डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर गोष्ट डोळ्यापुरती राहत नाही, रक्ताच्या तपासण्या लागतात.

आता ते ‘पित्त’. खरं सांगायचं तर तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य हेच, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. आपल्याकडे पित्ताचा त्रास म्हणजे काय असतं? ऊन लागलं, जेवण चुकलं, कडक उपवास झाला, जागरण झालं की डोकं दुखायला लागतं, बहुतेकदा एका बाजूने. मळमळतं. आवाज नको वाटतो, उजेड नको वाटतो. खोली अंधारी करून पडून राहावं लागतं. उलटी झाली, झोप लागली, की उतरतं. घरात आईला किंवा मावशीलाही असतंच. हे वर्णन पोटाचं वाटलं तरी बहुतेक वेळा ते मायग्रेनचं, म्हणजे अर्धशिशीचं असतं. उलटी पडली म्हणून बरं वाटलं असं माणसाला वाटतं. प्रत्यक्षात झटका ओसरत आला की उलटी होऊन उतार पडणं हा त्या डोकेदुखीचाच नेहमीचा क्रम आहे. पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या जातात आणि डोकेदुखी आपल्या गतीने येत राहते.

मायग्रेन असलेल्या सुमारे ८० टक्के लोकांना झटक्यात उजेड सहन होत नाही. बायकांमध्ये मायग्रेन पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळतो आणि पाळीच्या आसपास वाढतो. पण यातला कमी माहीत असलेला भाग असा, की अनेकांना झटका नसतानाही, अगदी डोकं शांत असतानासुद्धा, इतरांपेक्षा कमी उजेड सोसतो. अशा माणसाचा डोळा तपासला तर काहीच सापडत नाही, कारण बिघाड डोळ्यात नसतोच.

याचं कारण गेल्या पंचवीस वर्षांत बरंच उलगडलं. शाळेत आपण दृष्टिपटलावरच्या दोनच पेशी शिकलो, दंडपेशी आणि शंकुपेशी. २००२ साली अमेरिकेतल्या डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं की दृष्टिपटलात तिसऱ्या प्रकारच्याही प्रकाशसंवेदी पेशी आहेत. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्या चित्र दाखवत नाहीत. बाहुलीचा आकार, झोप-जागेचं चक्र अशी कामं करतात. आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. मग २०१० मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी मायग्रेन असलेल्या २० अंध व्यक्तींचा अभ्यास मांडला. त्यांच्यापैकी ज्यांना काहीच उजेड कळत नव्हता, त्यांची डोकेदुखी उजेडाने वाढत नव्हती. पण ज्यांना आकार-रंग दिसत नसूनही उजेड असल्याचं तेवढं जाणवत होतं, त्यांची डोकेदुखी डोळस माणसासारखीच वाढत होती. म्हणजे बघण्याची वाट बंद असली तरी या तिसऱ्या पेशींची वाट चालू होती. तीच मेंदूच्या थॅलॅमस भागात जाऊन ट्रायजेमिनलकडून येणाऱ्या वेदनेच्या वाटेला मिळते. मला हा अभ्यास फार आवडतो. ‘डोळा नॉर्मल आहे, म्हणजे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

मग निळा प्रकाश अडवणारा चष्मा का उपयोगी पडला नाही? दुकानात मिळणारे हे जवळजवळ पारदर्शक चष्मे निळ्या प्रकाशाचा थोडासाच भाग अडवतात. २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. स्क्रीनमुळे होणारा डोळ्यांचा शीण या चष्म्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं नाही. मायग्रेनवाल्यांसाठी एफएल-४१ नावाची गुलाबीसर छटेची वेगळी काच असते. १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये मायग्रेन असलेल्या मुलांवर ती वापरून बघितली होती आणि झटके कमी झाल्याचं नोंदवलं होतं. अभ्यास लहान होता, त्यामुळे मी ती सरसकट सुचवत नाही. पण ट्यूबलाइटखाली बसून काम करणं ज्यांना भागच आहे, त्यांनी मागवून बघायला हरकत नाही. आधी मायग्रेनचा इलाज मात्र व्हायला हवा. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट किंवा चांगले फिजिशियन गाठा. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस पोटात जात असतील तर ते त्यांना आवर्जून सांगा. गोळ्यांच्या अतिरेकानेही रोजची डोकेदुखी जडते.

यानंतर घरातला गॉगल. तो तुम्ही उपाय म्हणून लावलात, पण आता तो त्रासाचा भाग झालाय असं मला वाटतं. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढ्या वेळात दृष्टिपटलाची संवेदनक्षमता प्रचंड वाढते. सिनेमा बघून दुपारी बाहेर पडल्यावर जे होतं तेच, फक्त तुम्ही दिवसभर त्या थिएटरात बसून आहात. दुपारच्या उन्हाचा उजेड एक लाख लक्सपर्यंत (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जातो, ऑफिसातला जेमतेम तीनशे ते पाचशे असतो. गॉगल लावून त्यातलाही बराच भाग अडवला, तर मेंदू तीच नवी पातळी धरून बसतो आणि मग खिडकीचा पडदा सरकवला तरी कळ येते. म्हणून घरातला आणि ऑफिसातला गॉगल काढायचा, पण एका दिवसात नाही. आधी संध्याकाळचे दोन तास, मग सगळी संध्याकाळ, मग सकाळही. वाटलं तर मधल्या काळात हलक्या छटेची काच चालेल. कोरडेपणाचे उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी हे सुरू करा, नाहीतर नस चिडलेली असतानाच तिची परीक्षा घेतल्यासारखं होईल.

बाहेर उन्हात गॉगल जरूर लावा. काच किती काळी आहे याला महत्त्व नाही. अतिनील किरणं ४०० नॅनोमीटरपर्यंत अडवते का, ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरणं अडवत नसेल तर ती जास्तच आत जातात. बाजूने उजेड येणार नाही अशी मोठी फ्रेम आणि डोक्यावर पुढे पट्टी असलेली टोपी, यांनी निम्मं काम होतं. घारे डोळे असलेल्यांना तर हे लागतंच. त्यांच्या बुबुळात रंगद्रव्य कमी असल्याने उजेड जास्त शिरतो आणि आत विखुरतो. तो आजार नाही, घडणच तशी.

रात्रीच्या हेडलाइटचं दिपणं मी यातून वेगळं काढीन. तिथे आधी हेल्मेटची काच उजेडासमोर धरून बघा. दोन वर्षं रुमालाने पुसलेल्या काचेवर बारीक ओरखड्यांचं जाळं असतं, आणि एलईडीचा पांढरा झोत त्यावर पडला की समोर पांढरा पडदाच उभा राहतो. चष्म्याच्या काचेचंही तसंच. मग तो ‘किरकोळ’ नंबर. त्यात सिलिंडरचा, म्हणजे कॉर्नियाच्या असमान वळणामुळे येणारा नंबर असेल तर दिवसा तो जाणवत नाही, पण रात्री बाहुली मोठी झाली की दिव्यातून रेघा फुटतात. दिवसा नको म्हणून सोडून दिलेला चष्मा रात्री गाडी चालवताना लावावा. कोरडा डोळाही दिपण्यात भर घालतोच. कधी कधी तरुण वयातही, विशेषतः दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बराच काळ स्टिरॉइड घेतलेल्यांना, भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूचा डाग येतो. तो बाहुलीच्या बरोबर मध्ये असल्याने भर उन्हात आणि हेडलाइटमध्ये नजर अडवतो. ‘रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांवर पैसे घालवू नका. २०१९ मध्ये सिम्युलेटरवर तपासल्यावर रस्त्यावरचा माणूस ओळखायला त्यांची काही मदत झाली नाही.

बाहुलीविषयीही थोडं. आरशात बघा, दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का. एक मोठी राहत असेल तर त्या डोळ्यात उजेड जास्त शिरणारच. दोन मिलिमीटरची बाहुली आठ मिलिमीटर झाली तर उजेडाची वाट सोळापट मोठी होते. महाशिवरात्रीच्या आसपास धोतऱ्याची फुलं-फळं तोडून त्याच हाताने डोळा चोळल्यामुळे असं होऊ शकतं. धोतऱ्यात ॲट्रोपीनच्या जातीची रसायनं असतात. घरचे लोक घाबरतात, पण काही दिवसांत बाहुली आपोआप पूर्ववत होते. मात्र मोठ्या बाहुलीबरोबर पापणी लोंबत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा डोकं दुखत असेल, तर ते धोतऱ्याच्या माथी मारून घरी बसू नये.

व्हिटॅमिनचं उत्तर छोटं आहे. अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने डोळे कोरडे पडतात आणि रातांधळेपणा येतो, आणि बी-२च्या कमतरतेतही उजेड सोसत नाही, हे खरं. पण रोज पोळी-भाजी, डाळ, दूध खाणाऱ्या मोठ्या माणसात एवढी कमतरता सहसा होत नाही. अपवाद म्हणजे पोटाची मोठी शस्त्रक्रिया किंवा यकृताचा जुना आजार. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायला हवंच, पण त्याने उजेड सोसायला लागेल ही अपेक्षा ठेवू नका.

लहान मुलांच्या आईबापांसाठी दोन ओळी घालतो, कारण ‘उजेडाला डोळे मिटतो’ याला आपल्याकडे लाजरेपणा म्हणतात. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांतून पाणी येतं, ते उजेडाला डोळे घट्ट मिटतं आणि त्याचं बुबुळ मोठं टपोरं दिसतं, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक करत महिने गेले तर दृष्टीची नस सुकते, आणि उपचार बहुतेकदा शस्त्रक्रियेचाच असतो. शाळकरी मुलगा उन्हाळ्यात डोळे चोळतो, चिकट दोऱ्यासारखा स्राव येतो, उन्हात डोळे उघडत नाही, तर ती बहुधा ॲलर्जी असते. तिच्यासाठी एकदा लिहून दिलेला स्टिरॉइडचा ड्रॉप त्याच चिठ्ठीवर वर्षभर आणत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो, मोतीबिंदू होतो, आणि हे सगळं न दुखता होतं.

तर पुढच्या तपासणीला जाताना ‘नंबर बघा’ असं न म्हणता ‘उजेड सहन होत नाही, स्लिट लॅम्पवर रंग घालून कोरडेपणा बघाल का’ असं विचारा. बाहुल्यांची उजेडातली आणि अंधारातली तपासणी, डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा, एवढं एकदा होऊन जाऊ द्या. त्रास पृष्ठभागाचा की आतला हे कळत नसेल तर मी बधिर करणाऱ्या औषधाचा एकच थेंब टाकतो आणि पाच मिनिटांनी पुन्हा उजेड दाखवतो. त्रास गेला तर तो कॉर्नियाचा. तसाच राहिला तर डोळ्याच्या आत किंवा मागे शोधायचं. जाण्याआधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवा: कुठल्या दिवशी, किती वाजता, उपाशी होतात का, पाळी कधी होती, डोकं दुखलं का, कोणती गोळी घेतली. चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि ड्रॉप्सच्या बाटल्याही न्या, ‘एक पांढरी गोळी’ एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही. आणि स्कूटर घरी ठेवून कुणाला तरी सोबत घ्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, आणि त्या दिवशी उजेड तर कुणालाच सहन होत नाही.